आकडा बरोबर, अक्षर चूक

निम्मा रस्ता सरला तरी डॉक्टर एक शब्द बोलला नव्हता. ताईचा गुडघा केव्हाचा कुरकुरत होता, पण गाडी करू या म्हणायचा तिला धीर होत नव्हता. या धाकट्या भावाचा राग तिनं जन्मभर सोसला होता, त्याचं गप्प बसणं मात्र तिला जड जायचं.

दोघं लॅबवाल्या काकांना भेटून परतत होती. डॉक्टरच्या दवाखान्यासमोर एका जिन्याखालच्या खोलीत बसून काकांनी बावीस वर्षं त्याच्या पेशंटांच्या दातांवर बसवायच्या कॅपा बनवल्या. दोन महिन्यांपूर्वी हात कापायला लागले, म्हणून काम सोडून ते लेकीकडे राहायला गेले. तेव्हापासून डॉक्टरचं गणित बिघडलं. नव्या लॅबमधून आलेल्या पुढच्या दातांच्या तीन कॅपा परत गेल्या. एक पेशंट तर आरसा खाली ठेवून म्हणाली, "डॉक्टर, हा दात माझा नाही, सासूबाईंचा वाटतो."

डॉक्टरला लाल-हिरव्यातलं धड कळत नाही हे घरात लहानपणापासून माहीत होतं. टोमॅटो आणायला पाठवला की निम्मे कच्चे यायचे. शाळेत ताईनं त्याच्या एकेका रंगीत खडूवर नाव लिहून दिलं होतं. तो रंग बघायचा नाही, वाचायचा. पुढे कॉलेजातही तसंच निभावलं, कारण कॅपेचा रंग ठरवायच्या शेडच्या पट्टीवर दातांचे नमुने असतात आणि प्रत्येकावर एक अक्षर, एक आकडा. आकडा म्हणजे फिकं की गडद. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पेशंटला खिडकीपाशी बसवायचा, लिपस्टिक पुसायला लावायचा, डोळे किलकिले करून पट्टी दाताशी धरायचा आणि फटकन सांगायचा. अक्षर म्हणजे छटा, लालसर की राखाडी. ते तो अंदाजानं ठोकून द्यायचा. बावीस वर्षांत एकही तक्रार आली नाही, तेव्हा त्याला वाटलं, जमतंय की आपल्याला.

आज चहा पिता पिता काका सहज बोलून गेले, "आकडा तुमचा कधी चुकला नाही हो. अक्षर तेवढं मी बदलायचो." रोज गप्पांच्या निमित्तानं ते दवाखान्यात डोकावायचे, ते खुर्चीतल्या माणसाचा दात बघायला.

"मला वाटायचं, म्हाताऱ्याला करमत नाही," पुलावर आल्यावर डॉक्टर म्हणाला.

"माणूस चांगला आहे."

"असेल. पण त्यांना कळलं कसं? मी तर कुणाला सांगितलं नव्हतं."

ताई कठड्याला टेकली. कानावर हात ठेवला असता तर आताही निभावलं असतं. तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"मी सांगितलं. तुझा दवाखाना उघडला त्याच आठवड्यात. जरा नजर ठेवा म्हटलं."

तो चिडला नाही. चिडला असता तर तिला हलकं वाटलं असतं. तोही तिच्या शेजारी कठड्याला टेकला.

"म्हणजे माझ्यावर भरवसा नव्हता."

"तुझ्यावर होता रे. तुझ्या डोळ्यांवर नव्हता."

"डोळे काय भाड्याने आणलेत मी?"

ताईला हसू आलं. त्याला आलं नाही.

"गुरुवारी शाळेतली एक बाई येणार आहे," तो म्हणाला. "वरच्या, अगदी पुढच्या दाताची कॅप. तिचं लग्न आहे महिन्याभरात. वाटतं, तिला दुसरीकडे पाठवावं. सगळ्यांनाच पाठवावं, आणि आपण दाढा उपटत बसावं. थकलो गं."

ताईनं काही सल्ला दिला नाही. याआधी न विचारता केलेल्या मदतीचं काय झालं, ते समोरच होतं. दोघं पुन्हा चालू लागली. पूल संपता संपता तो थांबला.

"ताई, गुरुवारी सकाळी येशील? उजेड चांगला असतो तेव्हा. मला छटा कळत नाही हे मी आधी तिला सांगणार आहे. मग खुर्चीपाशी उभी राहून, पट्टी दाताशी ताडून तू अक्षर सांग. तिच्यासमोर, मोठ्यानं. माझ्या पाठीमागे आता काही करू नकोस."