खाली येणारी अक्षरं

जानेवारीत इंटरनेटवर फ्रेंच सिनेमांचा एक महोत्सव भरतो. पहिला-दुसराच सिनेमा करणारे नवे दिग्दर्शक. महिनाभर घरबसल्या बघायचं. कॉलेजात मार्कांसाठी घेतलेलं फ्रेंच मला थोडंफार आठवत होतं, बाकी भिस्त खालच्या इंग्रजी सबटायटल्सवर. परतूरच्या आमच्या घरात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक विचारतात, आणि विचारलं की बोलावं लागतं.

दुपारी मी पुढच्या खोलीत दिवाणावर लॅपटॉप घेऊन, हेडफोन लावून बसायचे. समोर खुर्चीत मोठे बाबा असायचे, पप्पांचे थोरले भाऊ. त्यांची सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकी काढणाऱ्या मशीनशेजारी उभं राहून झाली आणि तिथेच कान गेले. कानाचं मशीन आणलं होतं, पण त्यातून माणसांच्या आधी भांडीच ऐकू येतात म्हणून ते कपाटात गेलं. टीव्हीही त्यांनी सोडला. आम्ही दोघं तासन्‌तास न बोलता एका खोलीत बसायचो. मला त्यांची सोबत आवडायची ती त्यामुळेच.

एक दिवस ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी आले.

“हे खाली काय येऊन राह्यलं?”

मी पेपरच्या कडेला लिहिलं, ‘ते बोलतात ते.’

“कुणासाठी?”

‘ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी.’

“मंग आपल्यासाठीच की,” ते म्हणाले. मोठ्यानंच. त्यांचं सगळंच मोठ्यानं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी एकटी सिनेमा बघायचे आणि त्यातलं बोलणं मराठीत वहीत उतरवून काढायचे. शाळा इंग्रजी, त्यामुळे माझं मराठी लिहिणं हळू. वाक्यं आपोआप छोटी व्हायची. दुपारी वही त्यांच्या मांडीवर, लॅपटॉप समोरच्या स्टुलावर. पडद्यावर माणूस बोलला की मी त्या ओळीखाली पेन्सिल टेकवायचे. ते ओळ वाचायचे, मग चेहरा बघायचे. हेडफोन मी काढून ठेवले. मलाही तसंच बघावंसं वाटलं.

तिसऱ्या-चौथ्या सिनेमात एक बसड्रायव्हर होता आणि त्याची कामाला लागलेली मुलगी. स्वयंपाकघरात भांडण होतं. मुलगी म्हणते, तुझ्यासोबत राहायची मला लाज वाटते. सकाळी ते लिहिताना माझा हात थांबला होता. मी लिहिलं, ‘मला इथे करमत नाही.’

मोठ्या बाबांनी ओळ वाचली, पडद्याकडे बघितलं, मला हातानं थांबवलं.

“हे न्हाई म्हनली ती.”

मी सिनेमा थांबवला.

“करमत न्हाई म्हनल्यावर बाप असा खाली बसतो का? काय म्हनली, ते लिही.”

मी खोडून खरं लिहिलं. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, “हां. आता बराबर. लाव पुढं.” तेवढंच. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. उलट ते पुढे सरकून बसले.

त्याच आठवड्यात राजूरला साखरपुडा होता, मोठ्या आईच्या, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोच्या भाचीचा. आदल्या दिवशी सगळे चहाला पुढच्या खोलीत जमले. मोठे बाबा खुर्चीत, बशी हातात. बाकीचे त्यांच्यासमोरच, नेहमीच्या आवाजात त्यांच्याबद्दल बोलत होते. आमच्याकडे हे कधीच कुणाला विचित्र वाटलं नाही. मलाही नाही.

“दादाला राहू दे घरी,” पप्पा म्हणाले. “गाडीत जागा बी न्हाई.”

“जागेचं नका सांगू, भाऊजी,” मोठी आई म्हणाली. “मागच्या खेपेला जेवताना हे केवढ्यानं बोलले! तिकडची पोरं तोंड दाबून हसून राह्यली होती. यांना पत्ता न्हाई. मला दिसत होतं. मला न्हाई बघवत ते.”

मोठे बाबा एकेका तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी बशी खाली ठेवली, दिवाणावरची वही उचलली आणि माझ्या पुढ्यात टाकली.

“लिही.”

सगळे थांबले. मी लिहिलं, ‘उद्याच्या साखरपुड्याचं चाललंय.’

त्यांनी वाचलं. “हे एसटीचा टाइम सांगितल्यासारखं झालं. तुझी मोठी आई पदर डोळ्याला लावून राह्यली. बराबर लिही.”

पप्पांनी डोळ्यांनी मला नको म्हटलं. मी खाली मान घातली आणि लिहिलं. पप्पांचं नाव, पुढे त्यांचं वाक्य. मोठ्या आईचं सगळं, पोरांचं हसणंही आणि ‘मला बघवत नाही’ हेही. ते शेवटचं वाक्य गाळलं असतं तर आधीचं खोटं झालं असतं.

त्यांनी सावकाश वाचलं. मोठ्या आईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

“पोरं हसली ते दिसलं होतं मला,” ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज लहान होता. “तुला बी दिसलं, हे न्हवतं माहीत.”

मोठी आई उठली. कपबशा गोळा करायला लागली आणि एक कप तसाच हातात धरून उभी राहिली.

मग ते माझ्याकडे वळले. “आन् तू? तू काय म्हनली?”

मी मान हलवली. काही नाही.

“ते बी लिही मंग.”

मी माझं नाव लिहिलं. पुढची जागा कोरी होती आणि ते तिच्याकडे बघत होते. बराच वेळ पेन्सिल टेकवून मी लिहिलं, ‘मोठे बाबा येणार. मी शेजारी बसते, वही घेऊन.’

त्यांनी वाचून वही मिटली. “मला कळलं. आता यांना सांग.”

मी सांगितलं. पप्पा पुढे वाकले, त्यांना नीट ऐकू आलं नसावं.

“जरा मोठ्यानं म्हन की,” मोठे बाबा म्हणाले.