क्षमेची ओळ

चिरडलेल्या कोथिंबिरीचा वास आला, की मला मंचरचा रस्ता आणि त्यावर पडलेली माझी आई दिसते. मी तेव्हा कॉलेजात होते. बाजाराबाहेर कोथिंबिरीच्या जुड्या उतरवताना मागून आलेल्या एका टेम्पोनं आईला उडवलं. तिचा पाय मोडला होता आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन मी रस्त्यातच बसले. तोवर लोकांनी ड्रायव्हरला केबिनमधून ओढून काढलं होतं. त्याचा शर्ट फाटला होता, आणि एकानं त्याच्यावर चाक खोलायची लोखंडी टॉमी उगारली होती. वडील गर्दीत घुसले. आता तेही मारणार, असं सगळ्यांना वाटलं, मलाही. पण ते ड्रायव्हरच्या पुढं आडवे उभे राहिले. "हात लावू नका त्याला." टॉमीवाला ओरडला, "भाऊ, बायको तुमचीच पडलीय ना?" "माझीच हाये. पण आदी मला मारा." टॉमी हळूहळू खाली आली. मग वडील ड्रायव्हरला म्हणाले, "चल, गाडी काढ. दवाखान्यात तूच ने आमाला." आईला आत नेल्यावर मी वडिलांना विचारलं, "दादा, तुम्हाला राग नाही आला?" "लई आला व्हता. ती टॉमी मीच हिसकून घेणार व्हतो. पण सकाळीच प्रार्थनेत म्हणलं व्हतं ना, आमी अपराध्यांना क्षमा करतो म्हणून. प्रभूला काय तोंड दाखवलं असतं?" आता आमच्या घरी प्रार्थना मी सांगते. क्षमेची ती ओळ आली, की मी अजून क्षमा न केलेली एक-दोन माणसं माझ्या मनात उभी राहतात आणि माझा आवाज खाली येतो.