शांतवनला मोकळा वेळ हवा होता

शांतवन गेल्याची बातमी मला शांतवनच्याच नंबरवरून आली. शनिवारची दुपार होती. मांजरसुंब्याच्या चौकात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. तिथे मी एकाचा पीकविम्याचा अर्ज भरत बसलो होतो. फोन वाजला, वर त्याचं नाव. ‘आपल्या मंडळीतील श्री. शांतवन हे आज प्रभूच्या घरी गेले. कुटुंबीयांसाठी प्रार्थना करावी. आपला, पाळक शांतवन.’ वाचून मला पहिल्यांदा रागच आला. चर्चच्या कामासाठी आम्ही जे सॉफ्टवेअर बसवलं होतं, त्यात काही नवीन केलं की हा गडी ते स्वतःच्याच नावावर तपासून बघायचा. एकदा त्याने स्वतःचा बाप्तिस्म्याचा दाखला पुन्हा काढला होता, एकदा स्वतःचंच लग्न लावून टाकलं होतं. म्हटलं, आता यानं स्वतःला मारूनही बघितलं. गिऱ्हाईक तसंच सोडून फोन लावला आणि पलीकडून कुणी बोलायच्या आत सुरू झालो, “अबे, चेष्टेला काय मर्यादा हाय का न्हाई?” पलीकडे त्याची बायको, एस्तेरवहिनी होत्या. त्या फक्त “अप्पा...” म्हणाल्या, आणि मग मला त्यांच्या मागचा रडण्याचा आवाज ऐकू आला.

घडलं होतं ते असं. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी भास्करराव हे रिटायर तलाठी. माणूस गेला की नोंद करायची, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. शांतवनला दवाखान्यातून परत आणलं तेव्हा बाकीचे सैरभैर झाले होते आणि भास्करराव ऑफिसात जाऊन त्याच्या नावापुढे ‘मयत’ अशी खूण करून आले. पुढचं सगळं आपोआप झालं. सॉफ्टवेअरने मजकूर जुळवला, खाली पाळकाचं नाव घातलं आणि मंडळीतल्या प्रत्येक घरी पाठवून दिला. कित्येकांनी त्याच नंबरवर हात जोडून ‘आमेन’ पाठवलं. खाली नाव घालण्यावरून आमचा सुरुवातीलाच वाद झाला होता. मी म्हणत होतो, ‘चर्च कार्यालय’ असं टाक, उद्या तुझी बदली झाली तर बदलत बसावं लागेल. तो ऐकेना. “कार्यालयाकडून कुणाचं सांत्वन होत न्हाई अप्पा,” म्हणाला. त्याच्या हट्टापुढे माझं काही चालायचं नाही, शाळेपासूनच.

शाळा लिंबागणेशची. मी लिंगायत वाण्याचा, तो चर्चच्या शिपायाचा, बाक एक. गणपतीच्या जत्रेत आम्ही मिळून जिलेबी खायचो आणि नाताळात त्याच्या घरच्या करंज्या माझ्या खिशात असायच्या. पुढे तो पाळक व्हायला शिकायला गेला, कुठेकुठे नेमणुका झाल्या, आणि काही वर्षांपूर्वी आमच्याच भागात बदलून आला तो डोक्यावर पांढरे केस आणि काखेत फायली घेऊन. पाळक म्हणजे रविवारी प्रवचन आणि बाकी आठवडा निवांत, असा माझा समज होता. तो माझ्या दुकानात येऊन जे कागद टाकायचा ते बघून तो समज पार गेला. बाप्तिस्म्याची नोंद, लग्नाची नोंद, पुरल्याची नोंद, कोण दुसऱ्या गावच्या मंडळीत गेलं त्याचं पत्र, महिन्याची हजेरी, तिमाहीचा अहवाल, आणि प्रत्येकाच्या तीन प्रती. एकदा न राहवून मी विचारलं, “अबे, तू पाळक हायस का तलाठी?” नेमके भास्करराव त्याच्या मागे उभे होते. ते पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण शांतवनचं दुखणं कागदांच्या ढिगापेक्षा वेगळं होतं. त्याच्या मंडळीतली अर्धी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, काही लांब, बरीचशी इथे माजलगावकडे. नाताळला चर्चमध्ये म्हातारी माणसं पुढे, आणि मागे रिकाम्या सतरंज्या. नेमके तेच महिने वर्षअखेरच्या कागदांचे. माझ्या बाकड्यावर बसून तो एकदा म्हणाला, “त्यायचा पाळक म्हणवतो मी, आन् अर्धं वरीस त्यायच्यापाशी नसतो. कावून? तर इथं रकाने भरायचे हायत. तिकडं कुणाला लेकरू होतं, कुणाचा पाय तुटतो... मला कळतं ती पाडव्याला परत आल्यावर.” तो हे फार शांतपणे बोलला. त्याला दुसरं काही नको होतं, फडावर जाऊन आपल्या माणसांत बसता येईल एवढा मोकळा वेळ हवा होता. मी म्हटलं, हे आपल्या हातातलं आहे.

पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून चर्चसाठीचं तयार सॉफ्टवेअर आणलं. सगळ्या कुटुंबांची नावं एकदा भरायची, मग दाखला म्हटलं की दाखला बाहेर, अहवाल म्हटलं की अहवाल. वाढदिवस, लग्न, मयत, रविवारची उपासना, सगळ्याचे निरोप आपोआप. पहिला तिमाहीचा अहवाल निघाला तेव्हा शांतवन खुर्चीतून उठून उभा राहिला होता. जे काम करता करता त्याचा आठवडा जायचा ते चहा होईपर्यंत झालं. त्याने मला जेवायला नेलं आणि वहिनींना सांगितलं, आता बघ, मी घरात सापडणार नाही.

कमिटीला मात्र ते बघवलं नाही. मशीनमध्ये आहे ते ठीक, पण कागदावर पाहिजे. कागदावर आहे ते ठीक, पण जुन्या रजिस्टरात हातानेही पाहिजे, कारण मशीनचा काय भरवसा? म्हणजे आधी जे एकदा लिहायचं ते आता मशीनमध्ये भरा, मग छापा, मग पुन्हा हाताने उतरवा. काम कमी करायला आणलेल्या वस्तूने काम तिप्पट केलं. नाकापेक्षा मोती जड. त्यात आजूबाजूच्या पाळकांना सुगावा लागला. ‘शांतवनराव, आमचं पण तेवढं बघा की’ म्हणत ते आपापल्या फायली याच्या टेबलावर ठेवून जायला लागले आणि हा नाही म्हणेना. मी चिडायचो. “गाढवा, दुसऱ्याची ओझी कावून वाहतोस?” तर हसायचा. त्याच्या त्या हसण्याचा मला आजही राग येतो. नाही म्हणायला शिकला असता तर... जाऊ द्या.

आणि मग ‘निष्क्रिय’चं प्रकरण निघालं. पुण्याच्या त्या माणसाने सॉफ्टवेअर बनवताना शहरातली चर्चं डोळ्यासमोर ठेवली होती. कुणी सलग तीन महिने उपासनेला आलं नाही की ते आपोआप त्याला निष्क्रिय ठरवायचं आणि वर्षअखेर नाव सभासदांतून कमी करायची शिफारस करायचं. ऊसतोड त्याला काय माहीत? त्या वर्षी निम्मी मंडळी निष्क्रिय निघाली. कमिटीत दोघेतिघे असे होतेच की त्यांना ती यादी बघून बरं वाटलं. मशीन कुणाचा पक्षपात करत नाही, म्हणाले. मी शांतवनला सोपा उपाय सांगितला, त्यांच्या नावापुढे हजर अशा खुणा मारून टाक, कोण विचारतंय. तो तयार होईना. “खोटी हजेरी न्हाई लावायची. जिथं हायत तिथं जाऊन घ्यायची,” म्हणाला. आणि त्याने सॉफ्टवेअरमध्ये उपासनेचं एक नवीन ठिकाण घातलं, ‘माजलगाव, उसाचा फड’. दर रविवारी सकाळची उपासना आटोपली की मोटारसायकल काढायची आणि दुपार कलायच्या वेळी तिथे पोचायचं. ऊस तोडून झालेला असतो, गाडी भरायला अवकाश असतो, त्या मधल्या वेळात प्रार्थना.

भास्कररावांनी हरकत घेतली. मंजूर नसलेल्या जागेची हजेरी धरता येत नाही, असं त्यांनी सभेत लेखी दिलं. माणूस लबाड नाही, पण नियम म्हटला की त्यांना समोरचा माणूस दिसेनासा होतो. मंजुरीसाठी वर अर्ज गेला, वरून खुलासा मागवला गेला, खुलाशाला पुरावा मागवला गेला. असे कागदी घोडे नाचत राहिले आणि शांतवन जात राहिला. मला दर आठवड्याला म्हणायचा, चल रे एकदा. रविवारी मांजरसुंब्याला गिऱ्हाईक असतं, मी काही गेलो नाही.

त्या शनिवारी तो इथली सकाळची उपासना कमिटीवर सोपवून माजलगावला मुक्कामाला जाणार होता. तिथे एका जोडप्याला मुलगा झाला होता, रविवारी त्याचा बाप्तिस्मा करायचा ठरला होता. सकाळी भास्कररावांनी निरोप दिला की वर्षाच्या अहवालाच्या तीन प्रती आजच्या आज सही करून हव्यात. सगळा अहवाल मशीनमध्ये होता. वरच्या कार्यालयाला इथे बसून बटण दाबलं की मिळाला असता. पण नाही, कागद पाहिजे. प्रिंटर अडत होता, हा एकेक पान ओढून काढत बसला. वहिनी जेवायला बोलवायला गेल्या तेव्हा टेबलावर डोकं टेकून होता. दवाखान्यापर्यंत काही राहिलंच नव्हतं. ते कागद अजून तिथेच पडलेत. ते मागायला आजपर्यंत कुणी आलेलं नाही. हे मला कुणाला तरी ओरडून सांगायचं आहे आणि कुणाला सांगावं ते कळत नाही. कमिटीला? वरच्यांना? सॉफ्टवेअर आणणाऱ्या मला? का सगळ्यांना हो म्हणणाऱ्या त्यालाच?

वहिनींनी त्याचा फोन माझ्या हातात दिला. “अप्पा, हे त्यांच्या नावानं येणारं बंद करा तेवढं. ऐकवत न्हाई,” म्हणाल्या. मी वाढदिवसाचे, लग्नाचे, मयतीचे सगळे निरोप थांबवले. फडावरच्या उपासनेचा राहिला. त्याने तो वेगळा लावला होता, माझ्या ध्यानातच आला नाही. पुढच्या शनिवारी तो निरोप आपोआप गेला आणि घटकाभरात माझ्याकडच्या त्या फोनवर फडावरून मार्थाबाई बोलत होती. ऊसतोडीच्या टोळीतली ही वयाने मोठी बाई. “सलाम. पाळकसायब गेले त्ये आमाला कळलंय. पर उद्याचा निरोप आलाय. मंग कोण येणार हाय?”

मी ते भास्कररावांच्या तोंडावर जाऊन फेकलं. म्हटलं, तुमच्या मंजुरी नसलेल्या जागेवरची माणसं विचारतायत, काय सांगू? रविवारी दुपारी ते धुतलेला पांढरा सदरा घालून, बगलेत गायनाचं पुस्तक घेऊन माझ्या दुकानासमोर उभे. “गाडी काढता का, अप्पा?” एवढंच. मी शटर ओढलं.

फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्यांच्या, म्हणजे त्यांच्या झोपड्यांच्या पुढे माणसं जमली होती, हातपाय धुऊन, बायकांच्या डोक्यावर पदर. मध्ये उसाच्या शेंड्यांच्या, हिरव्या वाढ्यांचा एक भारा आवळून बांधून ठेवला होता. वाढे ही माणसं जनावरांच्या चाऱ्यासाठी विकतात, त्यातला एक भारा दर रविवारी शांतवनला बसायला बाजूला निघायचा. खुर्ची नको म्हणायचा म्हणे. भास्करराव त्याच्यापाशी जाऊन थबकले. “मी पाळक न्हाई, बाई. तिथं कसा बसू?” मार्थाबाई म्हणाली, “येईल त्याच्यासाठी हाय त्यो. बसा.” ते बसले. गाणं त्यांनी फार वरच्या पट्टीत धरलं आणि मधेच त्यांचा आवाज फुटला, मग बायकांनी ते पुढे नेलं. ते जोडपं लेकरू घेऊन पुढे आलं तेव्हा भास्करराव म्हणाले की बाप्तिस्मा पाळकाशिवाय होत नाही, तो अधिकार मला नाही. त्या पोराचा बाप लेकरू छातीशी धरून तसाच उभा राहिला. भास्कररावांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून पुष्कळ वेळ काहीतरी पुटपुटत राहिले. तोवर मुकादमाने हाक दिली, गाडी लागली होती, माणसं उठून मोळ्या उचलायला गेली. मी एका बाजूला उभा होतो. मित्राने इतकी वर्षं ज्यासाठी जिवाचं रान केलं ते हे, एवढंसं, आणि तेवढ्यासाठीही त्याला कुणी सुखाने जाऊ दिलं नाही.

त्यानंतरचे दोन रविवार भास्करराव गाडीवर मागे बसून फडावर जाऊन आले. आता त्यांचे गुडघे धरलेत, मोटारसायकलवर मागे बसवत नाही. नवीन पाळक कधी येणार ते वर कुणी सांगत नाही, नेमणुकीचे कागद फिरतायत एवढंच कळतं. फड अजून पाडव्यापर्यंत चालेल. काल शनिवारी शांतवनचा फोन पुन्हा वाजला. मार्थाबाईच होती.

“अप्पा, उद्याचा भारा बांधून ठिवलाय. वाढ्याचं गिऱ्हाईक दारात उभं हाय. कुणी येणार नसल तर तसं सांगा, इकून टाकते.”

मला त्यांची एक प्रार्थना धड येत नाही. गाणी तर त्याहून नाहीत. मी म्हणालो, “विकू नका.”