पिशव्यांची पांजणी

माझ्यात दयामाया कमी आहे, असं बायको म्हणते. तिला ते लग्नानंतर कळलं, मला त्याआधीच माहीत होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. नागपूरच्या बाहेर मँगनीजचा दगड दळून त्याची पूड करणारा एक कारखाना होता आणि मी तिथे असिस्टंट इंजिनियर होतो. डिप्लोमा पास, दोन टेरिकॉटचे शर्ट, धरमपेठेत भाड्याची खोली, आणि स्वतःबद्दल फार मोठं मत.

दगड दळताना काळी धूळ उडते. ती एका मोठ्या पंख्याने ओढून लोखंडी खोलीत नेत. त्या खोलीत माणसाच्या उंचीच्या जाड सुती पिशव्या ओळीने टांगलेल्या असत. हवा कापडातून बाहेर निघून जायची आणि धूळ आत राहायची. दर आठवड्याला पिशव्या उतरवायच्या, झटकायच्या, फाटलेल्या शिवायच्या आणि पुन्हा टांगायच्या. हे सगळं मागच्या शेडमध्ये एक म्हातारा एकट्याने करायचा.

तो जातिवंत विणकर होता. घरचा हातमाग बंद पडला म्हणून इकडे आला आणि अकरा वर्षं राहिला. दोरीवर पिशवी टाकून बांबूच्या छडीने तो ती झोडपायचा, मग आत डोकं घालून उन्हाकडे धरायचा. टाचणीएवढं छिद्र असलं तरी त्याला दिसायचं. रफू तर असा करायचा की दुसऱ्या दिवशी त्यालाच जागा सापडत नसे. संध्याकाळी तो हात-पाय धुऊन निघाला तरी कानांच्या पाळ्या काळ्याच असत.

आता माझी गोम सांगतो. मीही विणकराचाच मुलगा. जुन्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत बहुतेक दारांत माग होता, माझ्या वडिलांचा तेव्हाही चालू होता. कारखान्यात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मॅनेजर पुण्याकडचे, त्यांनी एकदा माझं अक्षर पाहून 'तुमचे वडील शिक्षक का?' असं विचारलं. मी हसलो. त्या हसण्यावर मी तीन वर्षं काढली. आणि हा म्हातारा आमच्याच गल्लीतला, मला लहानपणापासून ओळखत होता.

तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला जागा कळायची नाही. मी मॅनेजरांबरोबर शेडमधून जात असलो तरी तो छडी थांबवून विचारायचा, "काहून गा साहेब, बाप बरा हाये ना तुया?" साहेबही म्हणायचा आणि घरच्या पोराला लावतात तो गा पण लावायचा. माझ्या कानशिलांची आग व्हायची. एकदा मॅनेजर पुढे गेल्यावर मी त्याच्यावर डाफरलो, की कामाच्या वेळी घरच्या चौकशा नकोत. "बरं गा," तो म्हणाला, आणि चार दिवसांनी पुन्हा विचारलं.

मग मशीन आलं. पिशव्या साफ करायचं मशीन. ते आणायची टिप्पणी मीच लिहिली होती. टिनाचं मोठं कपाट, आत भोकं पाडलेला उभा पाइप. पाइपवर पिशवी चढवायची, दार लावायचं आणि कॉम्प्रेसरची हवा सोडायची. आतून हवेचे फटकारे बसतात, धूळ खाली डब्यात पडते. म्हाताऱ्याला जी पिशवी अर्धा तास घ्यायची ती चार मिनिटांत मोकळी. नारळ फुटला, पेढे झाले. मशीन चालवायला ठेवलेल्या फिटरला चेव आला. त्याने हवेची नळी म्हाताऱ्यावर रोखली आणि म्हणाला, "याले पण साफ करून टाकू." टोपी उडाली, धोतराचा सोगा उडाला, अकरा वर्षांची धूळ त्याच्या अंगावरून उठली. डोळे मिटून, दोन्ही हात कानांवर धरून म्हातारा तिथेच उभा राहिला. सगळे हसले. दाबाखालची हवा डोळ्यात गेली तर डोळा जातो, हे तिथे फक्त मला शिकवलेलं होतं, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसत होतो.

म्हाताऱ्याला लगेच काढलं नाही. पिशव्या चढवणं-उतरवणं आणि शिवणं त्याच्याकडे राहिलं. पण मशीनची हवा जुन्या सुतावर फार जोरात बसायची. पंधरवड्यात शिवणीशेजारचं कापड विरायला लागलं, मग पिशव्या फाटू लागल्या. धुराड्यातून काळी पूड बाहेर पडून ऑफिससमोरच्या मोटारीवर बसली. मोटार मॅनेजरांची होती. हवेचा दाब कमी करायला हवा होता, पण दाब मी ठरवलेला होता. म्हणून मी सांगितलं की रफू कच्चा आहे. मॅनेजरांनी म्हाताऱ्याला बोलावून सुनावलं, आणखी एक पिशवी फाटली तर घरी बसायचं.

त्या दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला. खुर्ची होती, मी बसायला सांगितलं नाही.

"मले दोन वर्षं काढू दे गा," तो म्हणाला. "मंग माही नोकरी संपतेच. आपल्या पायानं जाईन. घरी बुढी पडून हाये, तिच्याजवळ दिवसभर बसलो तं दोघंही लवकर मरू."

"पिशव्या फाटल्या नाहीत तर कोण काढतंय तुम्हाला?" मी म्हणालो. शुद्ध बोललो, पुस्तकातल्यासारखा.

"नाही फाटू देत," तो म्हणाला.

पुढचं समजायला आमच्या गल्लीतली एक रीत सांगायला पाहिजे. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढवायच्या आधी सुताला तांदळाची खळ लावतात, म्हणजे ते घासून तुटत नाही. याला पांजणी म्हणायचं. सकाळी गल्लीभर सूत ताणून धरतात आणि चार-पाच माणसं कुंच्याने खळ चढवतात. खळ लावणारा स्वतः ती बरी की वाईट हे ठरवत नाही. ज्याचं सूत असतं तो येतो, अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत सूत धरून जरा ओढून पाहतो. चूक असेल तर बोलतो. बरोबर असेल तर काही न बोलता पुढे जातो. ओल्या सुतापाशी उभं राहून कौतुक केलं तर ते तुटतं, असं आमच्याकडे मानत. म्हणून चिमटी आणि गप्प बसणं, एवढ्यावर सगळं चालायचं. मी हे पाळण्यातून पाहिलेलं.

तीन-चार दिवसांनी सकाळी मी शेडमध्ये शिरलो आणि दारातच थांबलो. खळीचा वास येत होता, आंबूस आणि गोडसर. आमच्या घराला बारा महिने तोच वास यायचा आणि त्याच्यापासून सुटायला मी धरमपेठेत खोली घेतली होती. दोरीवर पिशव्या ओळीने वाळत होत्या. म्हाताऱ्याने घरून बादलीत खळ शिजवून आणली होती आणि कुंचाही आणला होता. एकेका पिशवीला आतून-बाहेरून त्याने नीट पांजणी केली होती. नागपूरचं एप्रिल महिन्याचं ऊन, अर्ध्याअधिक पिशव्या कडक झाल्यासुद्धा होत्या.

"सुताले जोर नव्हता," तो म्हणाला. "आता पाह्य. हवा मारा का काहीही मारा. अन् धूळ तं आता बाहेर जाऊनच दाखवो."

मला तिथल्या तिथे कळलं. खळ लावलेल्या कापडाची भोकं बुजतात. नवं लुगडं पहिल्या धुण्यापर्यंत वारा आत घेत नाही, हे आमच्या आईलाही माहीत होतं. त्यालाही माहीतच होतं, पण पिशवीचं काम धूळ अडवणं एवढंच आहे असं तो समजून होता. कापड जितकं घट्ट तितकं चांगलं. हवा त्यातूनच जायला पाहिजे, नाहीतर सगळंच कोंडतं, हे अकरा वर्षांत त्याला कोणी सांगितलं नव्हतं. साहेब लोक त्याला फक्त 'झटक' आणि 'शिव' एवढंच सांगत. मीही तेवढंच सांगितलं होतं.

एक वाक्य पुरलं असतं. पिशव्या पाण्यात बुडवून काढायला एक दिवस लागला असता. पण ते वाक्य बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत फिटरने विचारलं असतं की साहेबांना खळीतलं कसं काय कळतं. शिवाय मला तो नको होता. त्याचं ते 'गा' नको होतं. हे मी नंतर शोधून काढलेलं कारण नाही, तिथे उभा असतानाच मला हे कारण स्पष्ट माहीत होतं.

आणि हात मात्र पुढे गेला. माझ्या डोक्यात काहीही असो, बोटांना जुनीच सवय होती. जवळच्या पिशवीची कड चिमटीत धरली, जरा ओढून पाहिली, आणि एक शब्द न बोलता मी पुढे गेलो. मागे वळून पाहिलं तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडावर असा आनंद होता की मला त्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी पिशव्या टांगल्या आणि पंखा सुरू झाला. पाच मिनिटं ठीक गेली. मग पंख्याचा आवाज बदलला, हवा कुठूनच निघेना. धूळ उलटी फिरली आणि दळणाऱ्या यंत्राच्या प्रत्येक फटीतून हॉलमध्ये आली. भर दुपारी हातभर अंतरावरचा माणूस दिसेनासा झाला. दोन कामगारांना उचलून बाहेर आणावं लागलं, ते काळं ओकत होते. म्हातारा आत धावला होता आणि पिशव्यांच्या खोलीचं दार उघडायला बघत होता, फिटरने त्याला मान धरून ओढलं. पिशव्या खाली उतरवल्या तेव्हा त्या आपल्या आपण उभ्या राहत होत्या.

चौकशी मॅनेजरांच्या खोलीत झाली. टेबलावर खळीचा एक पापुद्रा ठेवला होता.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

"माहीत नाही सर," मी म्हणालो. "काहीतरी मुद्दाम फासलेलं दिसतंय."

मुद्दाम हा शब्द कोणी मागितला नव्हता. तो मी आपणहून दिला.

म्हातारा अजून घाबरलेला नव्हता. आपली बाजू पक्की आहे, असं त्याला वाटत होतं. "मुद्दाम कायले साहेब?" तो मॅनेजरांना म्हणाला. "मीनं खळ लावली. यायनं हात लावून पाह्यलं. काही बोलले नाही, मंग मीनं टांगल्या."

"काही बोलले नाहीत म्हणजे?" मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही परवानगी दिली होती?"

"नाही सर. येता-जाता हात लागला असेल."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा सांगणार, की हा अमक्याचा पोरगा, याच्या बापाच्या सुतावर मीनं कुंचा मारला, चिमटी म्हणजे काय हे याले नाही तं कोणाले मालूम. तो एवढं बोलला असता तर मी तिथेच संपलो असतो, आणि ते त्यालाही समजत होतं. तो माझ्या शर्टाकडे बघत होता. मग त्याने टेबलावरचा पापुद्रा उचलला, खिशात टाकला आणि म्हणाला, "हात लागला असन."

त्याच दिवशी त्याला काढलं. मुद्दाम नुकसान केल्याचा शेरा कागदावर आला, म्हणून मागच्या अकरा वर्षांचे मिळायचे पैसेही गेले. गेटवर त्याची पिशवी तपासली, त्यात कुंचा सापडला आणि तो कारखान्याचा नाही याची खात्री करायला मला बोलावलं. मी म्हणालो, नाही, आमचा नाही. मशीनचा दाब मी पुढच्या आठवड्यात कमी केला. पिशव्या फाटायच्या थांबल्या आणि मॅनेजरांनी माझी पाठ थोपटली.

मी महिना-दीड महिना घरी गेलो नाही. मग वडिलांचा निरोप आला, की पांजणी आहे, माणसं कमी पडतात, रविवारी ये. सकाळी गल्लीत शिरलो तेव्हा सूत ताणलेलं होतं, आणि आमच्या दारासमोर तो म्हातारा कुंचा मारत होता. नोकरी गेल्यापासून तो असाच घरोघरी पांजणीला जायचा. दुपारी पोटाला मिळायचं आणि घरी पडून असलेल्या बायकोसाठी डबा मिळायचा. वडिलांना त्याने काहीच सांगितलेलं नव्हतं. ते आपले खुशीत होते, इंजिनियर पोरगा गल्लीत आला म्हणून.

"माया बोटांत आता काही रायलं नाही," वडील मला म्हणाले. "तूच पाहून घे."

सूत आमचं, मी त्या घरचा. गल्लीतली माणसं कुंचे थांबवून उभी राहिली. मी पुढे झालो आणि चिमटीसाठी हात वर केला. म्हाताऱ्याने कुंचा मध्ये धरला.

"हात नोको लावू," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तोंडानं सांग. बरोबर हाये का नाही?"

गल्लीत असं कोणी कोणाला कधी विचारलं नव्हतं. शेजारचा माणूस हसला, त्याला वाटलं गंमत चालली आहे. वडील एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघायला लागले. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत उभा होता आणि कुंच्यावरून खळ माझ्या बुटांवर ठिपकत होती. मी तोंड उघडलं.

"बोल ना गा," वडील म्हणाले. "सूत वाळून राहिलं."