साहेबांच्या कानाशी नाथाजी

वाघजाईवाडीचा नाथाजी जन्मात कधी निवडणुकीला उभा राहिला नाही, पण धाकट्या साहेबांच्या इतकं जवळ तालुक्यात दुसरं कुणी उभं राहिलं नसेल. उभं तरी कसलं म्हणा, गडी कायम वाकलेलाच. का, ते सांगतो.

आधी साहेबांचं घराणं सांगायला पाहिजे. थोरले आबासाहेब सायकलवरून मतदारसंघ हिंडले. त्यांना माणूसच काय, माणसाचा बैलसुद्धा नावानिशी ठाऊक. बांधावरून ओरडायचे, "आप्पासो, तुझ्या ढवळ्याचा पाय बरा झाला का?" पुढं त्यांचे चिरंजीव दादासाहेब जीपमधून हिंडले. त्यांना गावं सगळी ठाऊक, माणसं निम्मी. तोवर घरात कारखाना आला, बँक आली, दूध संघ आला, दोन कॉलेजं आली. तिसऱ्या पिढीला वीरधवल साहेब आले ते परदेशात शिकून आणि काळ्या काचांच्या गाडीतून. त्या काचेतून त्यांना लोक दिसायचे, पण सगळे एकाच रंगाचे. माणूस वाईट नव्हता हो. उलट मऊ काळजाचा. कुणी रडलं की यांच्याही डोळ्यांत पाणी उभं राहायचं, फक्त कुणासाठी राहिलंय ते कळायचं नाही.

आणि आपल्या मुलखातलं राजकारण म्हणजे निम्मं लग्नात आणि निम्मं मयतात. लग्नाला एखादा पुढारी नाही आला तर लोक समजून घेतात, जेवून घरी जातात. पण घरातलं माणूस गेलं आणि साहेब दारात आले नाहीत, तर ती गोष्ट नातवापर्यंत पोचते.

धाकटे साहेब पहिल्यांदा अशा घरी भेटायला गेले ते कागदात गुंडाळलेला मोठा गुलाबांचा गुच्छ घेऊन. परदेशात म्हणे नेतात. बायका रडायच्या थांबून बघायला लागल्या. घरातल्या कर्त्याला तो गुच्छ घ्यावा का घेऊ नये कळेना. त्यात निघताना साहेब हसून म्हणाले, "येतो." आता मयताच्या घरातून निघताना आपल्याकडं कुणी येतो म्हणतं का? नुसतं उठायचं, हात जोडायचे आणि गप चालू लागायचं. पुन्हा यायचं म्हणजे तिथं पुन्हा कुणीतरी जायला नको का? कोपऱ्यात दोन म्हातारे बसले होते, त्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघांचेही चेहरे उतरले.

त्या दिवशी तिथं नाथाजी होता. कारखान्यात तो चिटबॉय होता, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या घेऊन शिवारं पालथी घालायची त्याची नोकरी. त्यामुळं कुणाच्या घरात कोण म्हातारं, कोण रुसलंय, कोण नांदत नाही, सगळं त्याला तोंडपाठ. त्यानं साहेबांच्या हातातला गुच्छ हळूच काढून मागं गोठ्याकडं सारला, साहेबांच्या कोपराला धरलं आणि त्यांना गाडीपर्यंत पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या काचांची गाडी वाघजाईवाडीच्या फाट्यावर येऊन हॉर्न वाजवायला लागली. त्यानंतर कित्येक वर्षं ती तशीच वाजत राहिली.

नाथाजीनं साहेबांना सगळं शिकवलं. खुर्ची दिली तरी घ्यायची नाही, घोंगड्यावर बसायचं. मांडी जमायला एक पावसाळा गेला. खांद्यावर थोपटायचं नाही, दोन्ही हातांत हात घ्यायचा. चहा आला तर निम्मा प्यायचा, मोबाईल वाजला तर मेलाय असं समजायचं. आणि बोलायचं काय, तेही नाथाजीनंच दिलं. आई गेली असेल तर म्हणायचं, "आई गेली की माणूस कितीबी मोठा असू दे, उंबऱ्यात आल्यावर हाक कुणाला मारायची तेच कळत नाही." हे वाक्य ऐकून बाप्ये माणसं हमसून रडायची.

राहिलं नाव. त्याची नाथाजीनं अशी युक्ती काढली की बघणाऱ्याला पत्ता लागू नये. साहेब उंबऱ्यात बूट काढायला वाकले की नाथाजी ते बूट सरळ करायला वाकायचा. दोन डोकी बुटापाशी एकत्र यायची आणि तेवढ्यात काम उरकायचं. नाव, नातं, दुखणं. साहेबांच्या कानात तीनच गोष्टी मावतात, हे त्यानं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. एकदा कौतुकानं त्यानं चौथी गोष्ट घातली, की म्हातारीचा नातू सीमेवर आहे. साहेबांनी आत जाऊन न्हाणीत घसरून गेलेल्या म्हातारीला देशासाठी बलिदान दिल्याबद्दल वंदन केलं. तेव्हापासून तीनच. लोक मात्र म्हणायचे, बघा, एवढा मोठा माणूस पण उंबऱ्यात कसा वाकतो.

नाथाजीची छाती यानं फुगलेली असायची. खोटं कशाला बोला, गावातनं चालताना तो जरा जास्तच सावकाश चालायचा. पण घरात राहीबाई होती. त्याची आई. ऐंशीच्या घरातली, दात गेलेले पण बोलणं धारदार. तिनं एकदा भाकरी थापता थापता विचारलं, की तुझ्या साहेबाला तुझं नाव तरी ठाऊक आहे का. नाथाजी म्हणाला, मला काका म्हणतात. म्हातारीनं विचारलं, मग ड्रायव्हरला काय म्हणतो? काका. बंगल्याच्या दारावरल्या राखणदाराला? नाथाजी म्हणाला, त्यालाही काकाच. राहीबाईनं भाकरी उलटली.

ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्यात भावकीतला तात्याबा. पारावर बसून रोज एकच पालुपद, "साऱ्या तालुक्याच्या दारात न्हेतोस गड्या, एकदा तुज्या दारात आन की." मग नाथाजीनं आईला शब्दच दिला. साहेब आपल्या दारात येतील आणि चारचौघांत मला नावानं हाक मारतील, तू कानानं ऐकशील. म्हातारी म्हणाली, कान जायच्या आत बघ म्हणजे झालं.

या पावसाळ्यात राहीबाईला ताप भरला. कराडच्या दवाखान्यातनं आणली तरी अंगात त्राण नाही. नाथाजीनं साहेबांच्या जयराजला फोन केला. जयराज म्हणजे साहेबांचा पीए, दिवसभराचे दौरे ठरवणारा. आई लय आजारी आहे, दोन दिवस येत नाही, असं सांगून नाथाजीनं फोन ठेवला. त्या दोन दिवसांत साहेबांनी काय केलं ते विचारू नका. एका घरात जावयालाच कर्ता समजून मिठी मारली आणि तिथं आधीच वाटणीचा वाद चालू होता.

तिसऱ्या दिवशी जयराजनं डोकं लढवलं. पलीकडच्या वाडीतलं एक मयत, अलीकडच्या गावातलं एक मयत, मधे वाघजाईवाडी वाटेवरच पडते, तर काकांच्या आईला बघून जाऊ. गाडीत त्यानं साहेबांना तसं सांगितलंही. पण साहेब फोनवर कारखान्याच्या नव्या मशिनरीचं बोलत होते. त्यांनी मान हलवली, एवढंच.

गाडी दारात थांबली तेव्हा अंगणात पंधरावीस माणसं बसलेली होती. म्हातारीला बघायला आलेली. तात्याबा सगळ्यांत पुढं. सोप्यात घोंगडं अंथरलेलं, बायका कडेला गप बसलेल्या. साहेबांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा आपोआप आधीच्या घरात होता तसा झाला. उंबऱ्यात येऊन ते बूट काढायला वाकले. शेजारी कुणी नाही. साहेब तसेच वाकून राहिले. एक लेस सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

नाथाजी आत आईच्या बाजेपाशी उभा होता. साहेब खरंच आले म्हणून त्याचा आनंद पोटात मावत नव्हता. आता आत येतील, आता नाव घेतील. पण साहेब काही उठेनात. वाकलेली ती पाठ त्यानं इतकी वर्षं बघितलेली. त्याला राहवलं नाही. तो गेला आणि सवयीनं बूट सरळ करायला वाकला.

साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि ते पुटपुटले, "बरं झालं काका, तुम्ही आलात. कोण गेलंय?"

नाथाजी काय ते समजला. साहेबांना वाटत होतं, काका कामावर आलेत. सांगावं का, की कुणी गेलं नाही, हे माझंच घर आहे? पण तात्याबा टक लावून बघत होता. साहेबांची फजिती झाली तर आपली त्याच्या दुप्पट होणार. डोकं चालेना तेव्हा तोंड आपलं रोजचं काम करून मोकळं झालं.

"राहीबाई. पोरगा नाथाजी. तापानं पडल्याली." आणि मग घाईघाईनं, "म्हातारी जित्ती हाय, साहेब."

जित्ती हाय ही चौथी गोष्ट. ती उंबऱ्याबाहेरच राहिली.

साहेब आत आले, घोंगड्यावर सुरेख मांडी घातली. म्हातारी बाजेवर गोधडीत होती, तिच्याकडं त्यांनी बघितलंच नाही, म्हातारी बाई प्रत्येक घरात असतेच. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि जड आवाजात विचारलं, "नाथाजीराव कुठं आहेत?"

नावानं हाक मारली होती, चारचौघांत मारली होती, अगदी नाथाजीनं शब्द दिला होता तशीच. तात्याबाचं तोंड उघडं राहिलं. नाथाजी अजून उंबऱ्यात, हातात साहेबांचा डावा बूट.

बाजेवरून राहीबाईचा आवाज आला. "त्यो काय, तुमच्या बुटापाशी हाय."

साहेबांनी वळून बघितलं. काका आणि नाथाजी हे एकच माणूस आहे, हे त्यांना कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तसा त्यांचा चेहरा खरोखरच कळवळला. ते उठले, नाथाजीला हाताला धरून आणलं, शेजारी बसवलं, दोन्ही हातांत हात घेतला. म्हणाले, "काका, तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही. आई गेली की माणूस कितीबी मोठा असू दे, उंबऱ्यात आल्यावर हाक कुणाला मारायची तेच कळत नाही."

वाक्य नाथाजीचं. शिकवलं त्यानंच. आई तीन हातांवर पडून ऐकते आहे हेही त्याला दिसत होतं. तरी त्याला रडू फुटलं. इतक्या उंबऱ्यांत ते वाक्य त्यानं दुसऱ्यांसाठी ऐकलं होतं, स्वतःसाठी पहिल्यांदाच. गडी हमसून हमसून रडायला लागला. तो रडतोय बघून बायकांनी डोळ्याला पदर लावला. साहेबांचेही डोळे भरले, आणि या वेळी कुणासाठी ते त्यांना ठाऊक होतं.

"आवं, मी हाय की अजून," राहीबाई म्हणाली.

साहेबांनी बाजेकडं बघितलं. मग जयराजकडं बघितलं. जयराज वाशांकडं बघत होता. काय बोलावं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. मग साहेबांनी जे येत होतं तेच केलं. उठले, हात जोडले आणि काही न बोलता, मान खाली घालून निघाले.

"आवं साहेब," म्हातारी कोपरावर उठून बसली, "येतो म्हना की. जित्त्या मानसाच्या घरातनं असं मुक्यानं जात न्हाईत."

साहेब उंबऱ्यात थांबले. कानापर्यंत लाल झाले. "येतो, आजी."

"या. पर बुटापाशी बसनाऱ्याचं नाव घरनंच पाठ करून या."

गाडी गेली. माणसं हळूहळू पांगली. तात्याबासुद्धा काही न बोलता गेला, म्हणजे किती झालं असेल बघा. नाथाजी तोंड लपवून भिंतीकडं बघत बसला. राहीबाईनं त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांत फिरवला नव्हता.

"नाथा, मी खरंच जाईन तवा त्येला आनू नगंस. तू बस माज्यापाशी. तुला माजं नाव कुनी सांगाया लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर हॉर्न वाजला. नाथाजी हलेना. त्यानं सांगून टाकलं, की आजपासून बंद, मी काही कुणाचे बूट सरळ करणार नाही. म्हातारी चहात बेकरीतलं बटर बुडवत होती, ताप उतरलेला. तिनं विचारलं, आज कुणाच्या घरी जायचंय? नाथाजीनं सांगितलं, अंबूबाईच्या, तिचा धनी गेला. म्हातारी म्हणाली, मग जा की. तू नाही गेलास तर त्या बिचारीच्या दारात हा तुझा साहेब काय बडबडेल? तिनं आधीच काय कमी सोसलंय का?

म्हणून नाथाजी गेला. गाडीत साहेब अवघडून बसले होते. मलकापूर मागं पडलं. नाथाजीचं डोकं अंबूबाईच्या घरात पोचलेलं होतं, तिचा थोरला कोण, धाकटा कोण, दोघांचं पटतं का. तेवढ्यात साहेबांनी घसा खाकरला.

"आई कशा आहेत?"

"कुनाच्या, साहेब?"

"तुमच्या, नाथाजीकाका."

नाथाजी सवयीनं त्यांच्या कानाशी झुकला आणि हळूच म्हणाला, "राहीबाई. नाथाजीची आई. जित्ती हाय."