शेवटच्या खोलीतल्या जावा

आमच्या वरच्या मजल्यावर दोघी जावा राहायच्या. त्यातली थोरली चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिचं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, पण उजव्या हातात जोर येईना. तेव्हापासून घरात तिच्या हातातून वस्तू काढून घ्यायची चढाओढच लागली. बादली उचलली की नवरा म्हणे, "राहू दे, तुझ्याच्यानं नाही व्हायचं." बरणीचं झाकण फिरवायला घेतलं की दीर म्हणे, "आणा इकडे, वहिनी." माणसं चांगली होती, म्हणून राग आणखीच यायचा.

व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, बोटं चालवा. मुलगी नोकरीसाठी परगावी गेलेली, तिचा व्हिडिओ गेम टीव्हीखाली धूळ खात पडला होता. थोरलीनं तो लावला आणि त्याचा रिमोट हातात घेतला.

खेळ अंतराळातल्या एका ओसाड स्थानकातला. तिथं दोन सफाईवाल्या उरलेल्या. एक आपण, दुसरी काचेमागं कोंडलेली. बाकी सगळा कारभार एका यंत्राकडे. त्याचा आवाज बाईचा, अगदी लाघवी. ते आपणहून सांगे, "कर्मचाऱ्यांना श्वास घेताना फार श्रम पडायचे. म्हणून मी हवा बंद केली." खोलीखोलीत कोडी. आरसा फिरवा, वजन ठेवा, खटका दाबून सबंध खोली उलटी करा. चुकलं की सफाईवाली तेजाबाच्या हौदात, आणि नळीतून तशीच दुसरी हजर. "वाईट वाटून घेऊ नका," यंत्र म्हणे. "तुमच्याकडून माझी एवढीच अपेक्षा होती."

"आमच्या सासूबाईंपेक्षा बरी," थोरली म्हणायची. "जे काय ते तोंडावर बोलते."

एकेक खोली सर करत ती शेवटच्या खोलीपाशी आली आणि गाडं अडलं. काचेमागची सुटली होती; इथून पुढं दोघींनी खेळायचं होतं. "एकटीच्यानं हे होणार नाही," यंत्र म्हणालं. "राहू द्या."

ते 'राहू द्या' वर्मी लागलं. या यंत्राला हरवल्याशिवाय आपण आता जेवणार नाही, असंच तिनं मनाशी घेतलं.

दुपारी घरात दुसरं माणूस एकच, धाकटी जाऊ. आणि तिच्याशी अबोला. घर रंगवताना थोरलीनं न विचारता तिच्या खोलीला पिस्ता रंग देऊन टाकला होता, तेव्हापासूनचा. त्या रंगावर नंतर दुसरा चढला, अबोला मात्र तसाच. तरी घर चालत होतं. जे सांगायचं ते भिंतीला सांगायचं.

"कुणाला सवड असली तर एक माणूस हवं होतं," थोरली टीव्हीला म्हणाली.

धाकटी उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. ती खिडकीला म्हणाली, "लोकांना आता माणसं लागायला लागली." पण आली, दुसरा रिमोट घेऊन बसली. दारातून चोरून बघत तिनंही बरेच दिवस काढले होते.

खेळातला दांडा थोरलीच्या सफाईवालीकडे होता. तो धरून ठेवला की हौदावर झाकण यायचं, पण पलीकडचं दार बंद व्हायचं. सोडला की दार उघडायचं, झाकण जायचं. धाकटीनं झाकणावरून पळत जाऊन दारात उडी घ्यायची, आणि ती हवेत असतानाच दांडा सुटला पाहिजे. तो क्षण कोणता, ते उडी मारणारीच जाणे.

"आता दांडा कुणी सोडला तर बरं..." धाकटी म्हणाली. 'बरं' येईस्तोवर ती दारावर आपटून हौदात विरघळली होती.

"धरून बसणाऱ्यांनी जरा..." विरघळली.

"पळणाऱ्यांनी वेळेवर तोंड उघडावं," थोरली भिंतीला म्हणाली.

"तुमच्यातला जिव्हाळा पाहून गहिवरून येतं," यंत्र म्हणालं. "हौदाला तर फारच."

थोरलीचा अंगठा बटणावरून घसरायला लागला होता. धाकटीनं ते पाहिलं. आता ही म्हणणार, आणा इकडे. थोरलीनं दात आवळले.

"घट्ट धरा, ताई," धाकटी म्हणाली. "मी सांगायच्या आत सोडलंत तर बघा!"

"तू आधी नीट पळ, बये! गोगलगाय बरी!"

"पळते! धरा, धरा... सोडा!"

धाकटी दारात. तिथला खटका तिनं दाबला, हौदावर घटकाभर झाकण आलं आणि मागोमाग थोरलीही पलीकडे. समोर बाहेरचा दरवाजा.

"अभिनंदन," यंत्र म्हणालं. "हा दरवाजा एकीपुरताच उघडतो. दुसरीला हौदात ढकला. तुमचं बोलणं मी ऐकलंय, फार विचार करावा लागणार नाही."

थोरली ताडकन उठली. "आमच्या भांडणात तिसऱ्यानं पडायचं काम नाही!"

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "ही बया बसलीय कुठं?"

"छताला."

"आणि हौद?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दारामागं खोली उलटी करायचा दुसरा खटका होता. हौद रिकामा होईपर्यंत तो दाबून ठेवायचा होता. थोरलीनं उजवा अंगठा टेकवला आणि सगळा जोर लावला. सफाईवाल्या दाराच्या चौकटीला लटकल्या आणि सगळं तेजाब धो धो करत छताकडे निघालं.

"थकलात," यंत्र म्हणालं. "राहू द्या. हे तुमच्याच्यानं..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही.

इतकी वर्षं चिडीचूप असलेल्या त्या घरातून "मेली, मेली!" असा आरडाओरडा ऐकला आणि मी कणकेच्या हातांनी जिना चढून वर धावले. "अहो, कोण मेली?"

दोघी सोफ्यावर उभ्या होत्या.

"विरघळवली तिला!" धाकटी म्हणाली. "ताईंनी!"

थोरलीचा उजवा हात रिमोटला घट्ट चिकटला होता. बोटं उलगडत नव्हती. तिला उलगडायचीही नव्हती.