एक फरशी सोडून

धाराशिवात आपोआप उगवलेल्या ज्या ज्या रोपट्याकडं आजवर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, त्या प्रत्येकाची आमच्या दाजींनी समक्ष जाऊन विचारपूस केलेली आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि शहरातल्या रानटी वनस्पतींची पाहणी करायची म्हणून जे घराबाहेर पडले, ते अजून धड घरी आलेले नाहीत. रुळांकडेची खडी, कोर्टाच्या कंपाउंडची भिंत, भोगावतीचा काठ, कुठंही ते भिंग घेऊन गुडघ्यावर बसलेले दिसतात. एकदा एसटी स्टँडमागं असेच वाकलेले असताना, काहीतरी हरवलंय असं समजून चार प्रवासी त्यांच्यासोबत शोधायला लागले. "सापडलं!" म्हणत दाजींनी त्यांना गवताची एक काडी दाखवली. लग्नकार्यात मुहूर्ताच्या वेळी दाजी दिसेनासे झाले, तर आम्ही सरळ मांडवामागच्या उकिरड्यावर जातो.

ताईचं आणि त्यांचं वाजायचं ते फक्त अंगणावरून. तिला फरशी हवी होती, दाजींना तिथलं रानगवत. "एखाद्या दिवशी साप निघंल, मग बसा त्याचं नाव शोधत," असं ती म्हणायची. दाजी फरशीवाल्याला दारातूनच चहा पाजून वाटेला लावत.

गेल्या श्रावणात गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर, आघाड्याच्या दाटीत, त्यांना एक अनोळखी रोप दिसलं. सगळं शहर पालथं घालूनही कधी न भेटलेलं. पण फुलाशिवाय नाव ठरेना आणि कळी काही उघडेना. दाजींची झोप उडाली. तिकडं कुणाला थुंकू देऊ नका म्हणून पानवाल्याला गळ घातली, शेळ्या आणू नका म्हणून शेजारच्या मावशींच्या विनवण्या केल्या, अख्ख्या गल्लीला बजावलं. सांगितलं नाही ते फक्त ताईला. ती हसेल म्हणून.

आणि महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, घरी आल्या त्या संध्याकाळी ताईनं पूजेसाठी आघाडा आणला तो नेमका तिथलाच. पावसानं भुसभुशीत झालेली जमीन, ओढला तसा मुळांसकट मूठभर हातात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींना ती जागा रिकामी दिसली. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसले. पुरणाच्या वासानंही मान वळवली नाही. बळंच आरतीला उठवलं, तर महालक्ष्म्यांपुढच्या तांब्यात, आघाड्याच्या जुडीत, त्यांचं रोप! हात पुढं गेला तोच ताई कडाडली, "अहो! विसर्जन होईस्तोवर हात लावायचा न्हाय!"

मग, जन्मात देवापुढं दोन मिनिटं न टेकलेला हा माणूस पाट मांडून, भिंग डोळ्याला लावून जो बसला तो उठेचना. हळदीकुंकवाला आलेल्या बायका भारावून गेल्या. "प्रोफेसरसायेब लई भक्तीला लागले की वो!" संध्याकाळी ऐन आरतीत दाजी ओरडले, "उमललं!" बायकांनी दचकून टाळ्यांचा जोर वाढवला. तांब्यात एक इवलंसं जांभळं फूल उघडलं होतं.

बायका गेल्यावर दाजींनी ताईला सगळं सांगितलं. मी तिथंच होतो. ताई हसली नाही.

"मला एका शब्दानं सांगायचं तरी!"

"तू हसली असतीस."

"हसले असते. उपटलं नसतं."

रोपाचं लांबलचक नाव दाजींनी शोधून काढलं, ते आमच्यापैकी कुणाच्या जिभेवर बसलं नाही. विसर्जनाला आघाडा नदीवर गेला. ते रोप मात्र ताईनं स्वतःच्या हातानं अंगणात लावलं. दिवाळीला अंगणात फरशी बसली, एक फरशी सोडून.

आता दाजींचे गुडघे दुखतात, फिरणं कमी झालंय. संध्याकाळी दोघं त्या फरशीएवढ्या मातीपाशी खुर्च्या टाकून बसतात. रोप कधीच वाळून गेलंय. बी पडलं का, रुजेल का, हे दाजींनाही छातीठोक सांगता येत नाही. तरी ताई रोज तिथं तांब्याभर पाणी घालते. परवा दाजी हळूच म्हणाले, "अगं, वाळलं ते."

"वाळू द्या," ताई म्हणाली. "महालक्ष्म्यांसंगं आल्याली माहेरवाशीण हाय ती. भादव्यात येतीयच की."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. दाजींनी आपली खुर्ची तेवढी मातीच्या आणखी जवळ ओढली.